श्रेणिकअण्णा वाघ वाचवतात

खरं सांगायचं तर श्रेणिकअण्णा मगदुमांना वाघ वाचवायचा नव्हता, साडूची जिरवायची होती. जैनांच्या दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस, सांगलीतलं विश्रामबागेजवळचं मंदिर, महाराजांचं प्रवचन नुकतंच संपलेलं, आणि मग दरवर्षीप्रमाणे नियम घ्यायचा कार्यक्रम. म्हणजे एकेकानं उभं राहून वर्षभर आपण काय सोडणार किंवा काय पाळणार ते चारचौघांत सांगायचं. महाराजांपुढं बोललेला शब्द मागं घेता येत नाही, म्हणून अण्णांनी आजवर फार हुशारीनं नियम घेतले होते. एका वर्षी त्यांनी फणस सोडला, जो त्यांना वासानंही चालत नसे. एका वर्षी विमानप्रवास सोडला. यंदा फुटाणे सोडायचं ठरवून ते आले होते. पण त्यांच्याआधी साडू चौगुले उठले आणि त्यांनी साखर सोडली. बारा एकर ऊस असलेल्या माणसानं साखर सोडली म्हटल्यावर मंडपात टाळ्या पडल्या.

बायकांच्या बाजूनं गुणमालाबाईंनी नवऱ्याकडं फक्त बघितलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर असल्या नजरेचा अर्थ विचारावा लागत नाही. अण्णा उठले. फुटाणे घशातच राहिले. सकाळच्या पेपरात, सह्याद्रीत वाघ बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत, अशी बातमी होती, ती कुठून तरी जिभेवर आली आणि अण्णा म्हणाले, "चांदोलीच्या जंगलातल्या वाघाला अभयदान देण्याचा मी नियम घेतो." महाराजांनी त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं, नियम अवघड आहे, सांभाळा, एवढंच म्हणाले. टाळ्या मात्र साडूपेक्षा जास्त पडल्या, हे अण्णांनी नीट लक्षात ठेवलं.

घरी पोचेपर्यंत प्रश्न सुरू झाले. गुणमालाबाईंचा पहिला प्रश्न असा, की वाघाला तुम्ही वाचवणार, मग तो वाघ ज्या हरणाला खाणार त्याला अभयदान कोण देणार? अण्णांनी जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं काढली होती. न सुटणाऱ्या प्रश्नावर काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तो मंदिरातल्या पंडितजींकडं पाठवला. पंडितजी म्हणाले, भाव महत्त्वाचा. अण्णांना ते पटलं, गुणमालाबाईंना नाही, आणि त्या घरात पुढच्या चार महिन्यांत हरणाचा विषय अधूनमधून आमटीबरोबर वाढला जाऊ लागला.

शेजारीपाजारी तर सल्ला द्यायला टपलेलेच असतात. वरच्या मजल्यावरचे इंद्रजित मोहिते म्हणाले, प्राणिसंग्रहालयातला एखादा वाघ दत्तक घ्या, पिंजऱ्यावर नावाची पाटी लागते, घरबसल्या काम होतं. समोरचे डॉक्टर म्हणाले, गाडीच्या काचेवर वाघाचं चित्र लावा, जनजागृती होते. अण्णांनी लावलं. स्टिकरवाल्याकडं वाघ संपले होते म्हणून त्यानं चित्ता लावून दिला, आणि ते ओळखणारा माणूस अख्ख्या सांगलीत अण्णांना तोवर भेटलेला नव्हता.

मग वन विभागाचं ऑफिस. तिथं जे झालं ते अण्णा कुणाला सांगत नाहीत. ज्या माणसानं आयुष्यभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसून लोकांना 'उद्या या' म्हटलं, त्याला पहिल्यांदाच खिडकीच्या बाहेरून ते ऐकावं लागलं. स्वयंसेवकाचा अर्ज मिळाला तो पक्षीनिरीक्षणाचा. दुसरा मिळाला त्यात 'पोहता येते काय' आणि 'वन्यप्राण्याशी यापूर्वी आलेला संबंध' असे रकाने होते. दुसऱ्या रकान्यात अण्णांनी 'निरंक' लिहिलं. तिसऱ्या खेपेला आतल्या पोरसवदा कारकुनानं वर न बघताच सांगितलं, की फोटो आयडीची प्रत स्वसाक्षांकित नाही. हे वाक्य अण्णांचं होतं. अगदी शब्दशः अण्णांचं. ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

त्या बाकावरच त्यांना पूजा कदम भेटली. जंगलाच्या कडेला नेमणूक असलेली वनरक्षक, पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, बुटांवर लाल माती, महिन्याचा अहवाल द्यायला आलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं, हसली नाही, आणि कामाचं तेवढं बोलली. "काका, वाघाला बंदुकीनं आता कुणी मारत नाही. वाघानं गाय मारली की मालकाचं डोकं फिरतं आणि तो मेलेल्या गाईवर विष टाकतो. वाघ परत खायला आला की संपला. तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर त्या मालकाजवळ जाऊन बसा. गाय हलवू देऊ नका, आम्हाला फोन करा, पंचनामा होऊ द्या, भरपाईचा कागद पुढं ढकला. माणूस शांत राहिला की वाघ जगतो."

कागद पुढं ढकलायचा. अण्णांचा चेहरा उजळला. ज्यात ते जन्मभर मुरले होते तेच काम होतं हे.

तर असे श्रेणिकअण्णा दर शनिवारी चित्त्याच्या चित्राची गाडी घेऊन शिराळ्यावरून वर कळकेवाडीला जाऊ लागले. कळकेवाडी म्हणजे जंगलाला चिकटलेली पंचवीस घरं. घरं सांगली जिल्ह्यात आणि जनावरं चरायला जातात तो वरचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं खडकाळ पठार, सातारा जिल्ह्यात. ही गोष्ट पुढं फार महागात पडली, पण तेव्हा अण्णांना त्यात गंमत वाटायची. ते शाळेच्या ओट्यावर लोकांना बसवून व्याख्यान द्यायचे. वाघ आहे म्हणून जंगल आहे, जंगल आहे म्हणून खाली वारणेला पाणी आहे, हे सांगायचे. वाघानं जनावर मारलं तर त्याला हात लावू नका, तो दोन-तीन दिवस त्याच शिकारीवर परत परत येतो, हेही सांगायचे. लोक ऐकून घ्यायचे. शालूबाई नावाची म्हातारी चहा द्यायची. तिचा पुतण्या ज्ञानू मागं भिंतीला टेकून उभा असायचा. तो कमी बोलायचा. एकदाच त्यानं विचारलं होतं, खरंच परत येतो का, आणि अण्णा उत्साहानं म्हणाले होते, हमखास येतो.

पौषात सड्यावर वाघीण आली. पावलांचे ठसे पूजानं बघितले, मापं घेतली, मादी आहे म्हणाली. अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी साडूला फोन लावून उगाचच तब्येतीची चौकशी केली. चौथ्या दिवशी शालूबाईची गाय सड्यावरून परत आली नाही.

अण्णा सांगलीहून निघाले ते दोन तासांत पोचले. गाय ओढ्याच्या वरच्या अंगाला पडली होती, मागची मांडी खाल्लेली. शालूबाई जवळच्या दगडावर बसली होती. तिनं त्या गाईला जन्मल्या दिवसापासून वाढवलेलं, गाईची आई विताना गेली म्हणून चमच्यानं दूध पाजून. अण्णांनी सगळं पुस्तकाबरहुकूम केलं. कुणाला हात लावू दिला नाही, पूजाला फोन केला, अर्ज जागेवर भरला. पूजा अर्ध्या तासात आली, सगळं बघितलं, वाघीणच आहे म्हणाली. पण पंचनाम्याला पशुवैद्यकीय डॉक्टर लागतो आणि तिथं गाडी अडली.

शिराळ्याच्या डॉक्टरांनी फोनवर विचारलं, गाय मेली कुठं? सड्यावर. सडा पाटण तालुक्यात, तेव्हा पाटणला विचारा. पाटणच्या डॉक्टरांनी विचारलं, गाईच्या कानातला बिल्ला कुठला? शिराळ्याचा. मग गाय आमची नाही. अण्णांनी दोघांना आळीपाळीनं फोन केले, पत्रव्यवहाराची भाषा वापरली, परिपत्रक कुठलं ते विचारलं. पाटणचे डॉक्टर म्हणाले, लेखी द्या. शिराळ्याचे दुसऱ्या दिवशी रजेवर होते. मेलेली गाय दोन जिल्ह्यांच्या मध्ये पडून राहिली आणि पूजा पाटणला माणूस आणायला स्वतः मोटरसायकलवर निघून गेली. जाताना तिनं अण्णांना बजावलं, काका, काही झालं तरी हलवू देऊ नका. अण्णांनी मान डोलावली, आणि ती मनापासून डोलावली होती.

दुसरा दिवस उजाडला. गाय फुगली. कुत्री जमली, त्यांना हाकलायला ज्ञानू काठी घेऊन बसला. शालूबाईनं कालपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. त्यांच्यात रीत अशी, की घरातलं जनावर गेलं की ते मातीआड होईपर्यंत घरात चूल पेटत नाही. दुपारपर्यंत ती दगडावरून उठेना, डोळे पांढरे व्हायला लागले. पाटणहून पूजाचा फोन, डॉक्टर उद्या सकाळी नक्की येतात. आणखी एक रात्र.

इथं अण्णांमधला कारकून हरला आणि जैन जिंकला. त्यांच्या मंदिराची म्हाताऱ्या जनावरांसाठी पांजरपोळ आहे. तिथं जनावर मेलं की त्याला तसं टाकत नाहीत. खड्डा काढतात, खाली-वर मीठ घालतात, कुणीतरी णमोकार मंत्र म्हणतं, मग माती लोटतात. आयुष्यभर अण्णांनी ते केलेलं. समोर एक जीव कुत्र्यांपुढं उघडा पडलेला आणि दुसरा जीव त्याच्यापायी उपाशी, हे त्यांना बघवेना. त्यांनी मोबाईलवर सगळ्या बाजूंनी अठ्ठावीस फोटो काढले, कानातल्या बिल्ल्याचा वेगळा काढला, आणि मनाशी म्हणाले, पुरावा तर झाला. खालच्या वाडीत रस्त्याच्या कामाला जेसीबी आला होता, तो वर चढवला. शिराळ्याहून मिठाची दोन पोती आली. अण्णांनी स्वतः खड्ड्याच्या काठावर उभं राहून णमोकार म्हटला. गाव हात जोडून उभं होतं. संध्याकाळच्या आत शालूबाईनं भाकरी खाल्ली आणि अण्णांच्या पाया पडली, म्हणाली तुमी देवमानूस. अण्णा सांगलीला परत येताना गाडीत चक्क गुणगुणत होते.

सकाळी पूजा डॉक्टरला घेऊन सड्यावर पोचली तेव्हा तिथं ताज्या मातीचा ढीग होता. तिनं फोनवर आवाजही चढवला नाही, ते अण्णांना जास्त लागलं. गाय नाही म्हणजे शवविच्छेदन नाही. जेसीबीच्या चाकाखाली ठसे गेले. फोटोत वेळ आहे पण ठिकाण नाही, कारण अण्णांच्या मोबाईलमधलं ते बटण कधी चालूच नव्हतं. डॉक्टरांनी सही न करता कागद परत दिला. अण्णांनी उकरून बघा म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले, मिठात घातलेल्या जनावरावर मी काय लिहू? प्रकरण निकाली, मंजुरी नाही. ज्ञानूनं कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि परत दिला.

आणि वाघीण? ती गाय पुरली त्याच रात्री आपल्या शिकारीवर परत आली होती. ठसे मातीच्या ढिगाभोवती तीन फेऱ्या मारून गेले होते. चार दिवस पुरलं असतं एवढं मांस अण्णांनी तिच्या तोंडातून काढून मिठात घातलं होतं. उपाशी जनावर दुसरं काय करणार? तिसऱ्या दिवशी तिनं ज्ञानूचा बैल मारला. जोडीतला डावा.

ते अण्णांना तेव्हा कळलंच नाही, कारण ज्ञानूनं कुणालाच सांगितलं नाही. पूजाला फोन नाही, सरपंचाला नाही. अण्णा शालूबाईच्या अर्जावर अपील कसं करता येईल ते बघायला वर गेले होते आणि परत निघताना ज्ञानू रस्त्यात उभा. शिराळ्यापर्यंत सोडता का म्हणाला. अण्णांना बरं वाटलं. गाईच्या प्रकारानंतर गावातलं कुणी आपल्याशी बोलेल असं त्यांना वाटलं नव्हतं. वाटेत त्यांनी विचारलं, काय काम काढलंस. हुमणीचं औषध आणायचंय, ज्ञानू म्हणाला.

आता हुमणी म्हणजे उसाच्या मुळ्या खाणारी अळी. अण्णांचा सगळा गोतावळा उसातला, साडू उसातला, सासरे उसातले. औषध म्हणजे हुमणीचं आणि जमीन म्हणजे उसाची, सांगलीच्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. अण्णा वाटभर ज्ञानूला हुमणीवर बोलत राहिले. शिराळ्यात ओळखीच्या दुकानात स्वतः आत गेले आणि मालकाला म्हणाले, माझा माणूस आहे, चांगलं जालीम द्या. ज्ञानूनं पुडकं कागदात गुंडाळून घेतलं. अण्णांनी त्याला परत वर जाणाऱ्या जीपमध्ये बसवून दिलं आणि खिडकीतून हात हलवला.

कळकेवाडीत ऊस पिकत नाही. तिथं भात आणि नाचणी. तीन महिने दर शनिवारी अण्णा त्या खाचरांवरून गाडी नेत होते.

दोन दिवसांनी सकाळी पूजाचा फोन आला. या म्हणाली, पंच म्हणून सही लागते, गावातलं कुणी तयार नाही. गुणमालाबाई त्यांच्याबरोबर गाडीत बसल्या, त्या पहिल्यांदाच.

श्रेणिकअण्णांनी आयुष्यात पहिला वाघ बघितला तो असा. ओढ्याच्या कडेला, तोंड पाण्यात. विषानं तहान लागते, म्हणून ती पाण्यापर्यंत आली होती आणि पिता पिता तिथंच पडली होती. ओठांवर फेस वाळलेला. पुढचा एक पंजा उलटा पडलेला, त्याचा तळ काळा आणि मऊ. ती अण्णांना वाटली होती त्याहून लहान होती. पूजानं टेप लावली, मापं सांगितली, अण्णांनी लिहून घेतली कारण अक्षर त्यांचं चांगलं होतं. नाकापासून शेपटापर्यंत. मिशांची संख्या. दातांची स्थिती. डॉक्टर या वेळी दोन्ही तालुक्यांतून आले होते, सकाळी नऊच्या आत. त्यांनी पोट उघडलं, बाटल्या भरल्या, मग दोघांतल्या एकानं खाली वाकून बघितलं आणि आचळांत दूध आहे म्हणाला. म्हणजे कुठं तरी पिल्लं होती. पूजा उठली, झाडामागं गेली आणि तोंड धुऊन परत आली.

गुणमालाबाईंनी विचारलं, पिल्लं सापडतील का. पूजा म्हणाली, शोधतोय. हरणाचा विषय त्या घरात पुन्हा कधी निघाला नाही.

मग नियमाप्रमाणे सगळ्यांसमोर वाघिणीला लाकडं रचून जाळलं, नख-केस काही मागं राहू नये म्हणून पूर्ण राख होईस्तोवर सगळे थांबले. अण्णांना रडू आलं. मोठा माणूस चारचौघांत रडतो तसं नाही, मुसमुसून, नाक गळेपर्यंत. त्यांना लाजही वाटली नाही.

अर्धवट खाल्लेला बैल वर झुडपात सापडला. त्याच्यावर टाकलेली पावडर आणि जवळ पडलेला कागद. कागदावर शिराळ्यातल्या दुकानाचं नाव होतं. पूजानं तो अण्णांपुढं धरला. "काका, हे कुणी आणलं तुम्हाला ठाऊक आहे का?"

अण्णांना ठाऊक होतं. खोटं बोलायचं नाही हा त्यांचा नियम नव्हता, सवय होती. ते म्हणाले, "ज्ञानूनं. माझ्या गाडीतून." पूजानं ते लिहिलं. पुढं अण्णा म्हणाले, मी गाय पुरली म्हणून बैल गेला आणि बैल गेला म्हणून ही गेली, तेही लिही. पूजानं पेन थांबवलं. "त्याला रकाना नाही, काका," ती म्हणाली.

ज्ञानूला दुपारी धरलं. तो पळाला नव्हता, नाचणीच्या खळ्यावर बसला होता. जीपमध्ये चढताना अण्णांपाशी थांबला. रागानं बघेल असं अण्णांना वाटलं होतं, तो नुसता थकल्यासारखा दिसत होता. "तुमीच म्हनलासा, अण्णा," तो म्हणाला. "परत येतो म्हनून."

त्यानंतर अण्णांनी मदतीचा जो काही प्रयत्न केला तो आता ओळखीच्या वळणानंच गेला. ज्ञानूला जामीन राहायला ते शिराळ्याच्या कोर्टात गेले. वकिलानं विचारलं, तुमचं नाव? मग कागद बघून म्हणाला, तुम्ही तर सरकार पक्षाचे साक्षीदार, तुम्हाला आरोपीला जामीन राहता येणार नाही. मग मी काय करू, अण्णांनी विचारलं. काहीच करू नका, वकील म्हणाला. इतक्या महिन्यांत एवढा सरळ सल्ला त्यांना कुणीच दिला नव्हता. पिल्लं सापडली नाहीत. कॅमेऱ्यात एकदा एक पिल्लू दिसलं, दुसऱ्या वेळी काहीच नाही.

सांगलीत लोक विचारतात, अण्णा, तुमचा वाघ कसा आहे. अण्णा सांगतात. पहिल्या पहिल्यांदा लोकांना ते थट्टा करताहेत असं वाटायचं. साडू एकदा घरी आले, बिनसाखरेचा चहा घेतला आणि बराच वेळ बसून राहिले, आणि अण्णांना त्या माणसाबद्दल पहिल्यांदाच माया वाटली.

अण्णा अजून दर शनिवारी वर जातात. व्याख्यान देत नाहीत. ज्ञानू आत आहे, त्याची बायको शिवांजली दुसऱ्याच्या शेतावर जाते, आणि जोडीतला उरलेला उजवा बैल दावणीला बांधलेला असतो. एकट्या बैलाचा नांगराला उपयोग नाही आणि विकायला शिवांजलीचं मन होत नाही. अण्णा त्याला सोडतात, सड्यावर चरायला नेतात, स्वतः काठी घेऊन मागं मागं चालतात. दुपारभर तिथं बसतात. वारा सोडला तर सड्यावर आवाज नसतो.

मागच्या शनिवारी शालूबाईनं त्यांना वाटेत बघितलं. तिच्या दोन शेळ्या मोकळ्याच वर निघाल्या होत्या, राखायला कुणी नव्हतं. ती अंगणातूनच म्हणाली, "आवं अण्णा, उन्हाचं कशाला मागं फिरतासा? सोडून द्या की त्याला. सड्यावर आता हाय कोन भ्यायला?"

अण्णा तिथंच उभे राहिले. बैल पुढं गेला, चढ चढला, आणि वर मोकळ्या रानात दिसेनासा झाला.